छातीवरचा मोशन सेन्सर हृदयाविषयी नेमके काय सांगतो?

कंपनमापी (धागाकर्ता)

पाठीवर शांत पडावे, छातीच्या मधल्या हाडावर मोबाइल सपाट ठेवावा आणि त्यातल्या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरची नोंद ठेवणारे एखादे साधे अ‍ॅप मिनिटभर चालू ठेवावे. पडद्यावर आधी दिसते ती श्वासाची संथ, मोठी लाट. ती गाळून काढली की तिच्यावर बसलेल्या बारीक थरथरींच्या जोड्या दिसू लागतात: एक जोरकस थरथर, साधारण ३०० मिलीसेकंदांनी तिच्याहून लहान अशी दुसरी, मग काही काळ शांतता आणि पुन्हा तीच जोडी. पहिली थरथर उठते ती हृदयाची जवनिका (रक्त बाहेर फेकणारा खालचा कप्पा) आकुंचन पावताना, म्हणजे तिच्या आत येण्याच्या वाटेवरची मायट्रल झडप मिटते आणि पाठोपाठ महाधमनीची झडप उघडते तेव्हा. दुसरी उठते ती महाधमनीची झडप मिटताना. स्टेथोस्कोपमधून जे 'लब्-डब्' ऐकू येते त्याचेच हे सख्खे भावंड आहे. फक्त यातला बराचसा भाग २० हर्ट्झच्या खाली, म्हणजे आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात असतो.

अशा नोंदीला सिस्मोकार्डिओग्राफी म्हणतात. माझे काम अंगावर लावायच्या सेन्सरांच्या सर्किटचे आणि आज्ञावलीचे असल्यामुळे या नोंदी मी रोज पाहतो, आणि त्यांच्याविषयीच्या बातम्यांमध्ये एक गोष्ट सतत निसटते असे मला वाटते, म्हणून हा धागा. ईसीजी हृदयाला मिळालेला विजेचा हुकूम नोंदवतो. तो हुकूम स्नायूने आणि झडपांनी कसा पाळला हे त्यात थेट दिसत नाही. मोशन सेन्सर नेमके तेच, म्हणजे प्रत्यक्ष झालेले यांत्रिक काम, नोंदवतो. म्हणून ही दोन्ही साधने एकमेकांची जागा घेणारी नाहीत, आणि एकाला दुसऱ्याची स्वस्त आवृत्ती म्हणणे चुकीचे आहे.

कल्पना नवी नाही. १८७७ मध्ये जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी नोंदवून ठेवले होते की वजनकाट्यावर स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर काटा किंचित हलतो. बंदूक उडवल्यावर खांद्याला मागे धक्का बसावा तसा, रक्त महाधमनीत फेकले जाताना सबंध शरीराला धक्का बसतो. या धक्क्याच्या नोंदीला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात, आणि १९३९ मध्ये आयझॅक स्टार यांनी तिच्यासाठी माणसाला झोपवायचे खास टेबल तयार केले. काही दशके त्यावर भरपूर काम झाले. पण टेबले अवजड होती, एका प्रयोगशाळेतली नोंद दुसरीतल्या नोंदीशी जुळत नसे, आणि इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आल्यावर डॉक्टरांना हलणारी झडप डोळ्यांनीच दिसू लागली. सगळे मागे पडले. आता तेच टेबल सिलिकॉनच्या चिपमध्ये उतरले आहे: केसाहून बारीक पट्ट्यांवर टांगलेले एक सूक्ष्म वजन, ते हलले की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून त्वरण काढले जाते.

मोजायचे किती असते, तर गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाला एक 'जी' म्हटले तर छातीवरची ही थरथर त्याच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, काही मिली-जी ते काही दशक मिली-जी इतकी भरते. माणूस नुसता चालू लागला तरी याहून कित्येक पटींनी मोठे धक्के सेन्सरला बसतात. या क्षेत्रातली बहुतेक डोकेदुखी या एका वाक्यात आहे.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. माझ्या मनगटावरच्या घड्याळातही अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. मग ते घड्याळ माझे ठोके त्याच पद्धतीने मोजते असे समजावे काय?

कंपनमापी

नाही. मनगटावरचे घड्याळ ठोके मोजते ते प्रकाशाने: हिरवा दिवा त्वचेवर पडतो, खालच्या रक्तवाहिन्यांत रक्त भरले की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी काढली जाते. अ‍ॅक्सेलरोमीटरकडे तिथे दोन कामे असतात: पावले व हालचाल ओळखणे, आणि हाताच्या हालचालीमुळे प्रकाशाच्या नोंदीत शिरलेला गोंगाट वजा करणे. ही वजाबाकी फसली की गमतीदार चूक होते. धावताना पावलांचा वेग मिनिटाला १६० असेल आणि खरे ठोके १३५ असतील, तर घड्याळ पावलांची लय धरून बसते आणि १६० हा आकडा नाडी म्हणून दाखवते. अनेक धावपटूंनी हे अनुभवले असेल.

हात पूर्ण स्थिर असेल, उदाहरणार्थ झोपेत, तर मनगटावरही शरीराच्या धक्क्याची अंधुक नोंद मिळू शकते. पण झडपांच्या वेळा वाचायच्या असतील तर छातीचे मधले हाडच हवे. तिथे त्वचा आणि हाड यांच्यामध्ये मऊ ऊतक कमी असते.

दुसरा ठोका

मी हृदयरोगाच्या क्षेत्रात रुग्ण पाहतो. धागाकर्त्यांनी मांडलेला विजेचा हुकूम आणि यांत्रिक काम हा भेद योग्य आहे. मात्र वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली अशी, की आलेखावरचे अमुक टोक म्हणजे महाधमनीची झडप उघडल्याचा क्षण, हे समीकरण इकोकार्डिओग्राफीशी ताडून पाहून बसवलेले आहे आणि सरासरीने ते ठीक चालते. पण माणसागणिक आलेखाचा आकार इतका बदलतो, की एखाद्या व्यक्तीत ते टोक कोणते हे तज्ज्ञालाही ठामपणे सांगता येत नाही. सेन्सर दोन-तीन सेंटीमीटर वरखाली सरकला, श्वास आत घेतलेला असला किंवा सोडलेला असला, माणूस बसला किंवा आडवा झाला, तरी आकार पालटतो. दुसरी अशी, की थरथरीची उंची म्हणजे हृदयाने फेकलेल्या रक्ताचे प्रमाण नव्हे. एकाच माणसात, एकाच जागी, एकाच स्थितीत घेतलेल्या नोंदींत उंची वाढली किंवा घटली तर त्याला काही अर्थ असू शकतो. दोन माणसांच्या उंचीची तुलना करणे म्हणजे दोघांच्या छातीच्या जाडीची तुलना करण्यासारखे आहे.

वेळांचे तसे नाही, म्हणून मला वेळांवर अधिक विश्वास वाटतो. विजेचा हुकूम निघाल्यापासून महाधमनीची झडप उघडेपर्यंत साधारण १०० मिलीसेकंद जातात, आणि झडप उघडी राहून रक्त बाहेर पडण्याचा काळ साधारण ३०० मिलीसेकंदांचा असतो. जवनिका दुबळी झाली की तिला आतला दाब वाढवायला वेळ लागतो, त्यामुळे पहिला काळ लांबतो. आणि रक्त फेकण्याचा काळ आखडतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की निरोगी प्रौढात एक-तृतीयांशाच्या आसपास येणारे गुणोत्तर हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही तेव्हा, वाढते. हे १९६० च्या दशकातच ठाऊक होते. तेव्हा त्यासाठी ईसीजी, हृदयध्वनी आणि मानेतली नाडी अशा तीन नोंदी एकाच वेळी कागदावर घ्याव्या लागत. आज ईसीजीचे दोन इलेक्ट्रोड आणि एक अ‍ॅक्सेलरोमीटर असलेली चिकटपट्टी तेवढेच काम करू शकते, हा खरा बदल आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि माझा अनुभव इतका आशादायक नाही. आमच्याकडे काही काळ छातीवर चिकटवायचे असे सेन्सर वापरून पाहिले जात होते. रात्री अडीच-तीनच्या सुमारास एकाच रुग्णाच्या नावाने वारंवार सूचना येत असत. धावत जाऊन पाहावे तर आजोबा गाढ झोपलेले, नाडी व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. तिसऱ्या रात्री लक्षात आले की ते पाठीवरून डाव्या कुशीवर वळले की सूचना येते. त्यानंतर त्या पडद्यावर काही उमटले तरी आम्ही मनातल्या मनात 'वळले असतील' म्हणू लागलो, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटली. शिवाय चिकटपट्टीखालची त्वचा चौथ्या-पाचव्या दिवशी लाल होते, आणि घामाने पट्टीची एक कड सुटली तरी ती नोंद पाठवतच राहते. अशा नोंदीवर कितपत विसंबावे?

कंपनमापी

आपली तक्रार रास्त आहे, आणि दोष आजोबांच्या वळण्याचा नसून ती आज्ञावली लिहिणाऱ्यांचा आहे. डाव्या कुशीवर वळल्यावर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि थरथरीचा आकार बदलतो. हे अपेक्षितच आहे. विशेष म्हणजे माणूस कोणत्या कुशीवर आहे हे ओळखण्याची सोय त्याच सेन्सरमध्ये असते, कारण गुरुत्वाकर्षण कोणत्या अक्षावर पडते आहे ते तो सतत सांगत असतो. पाठीवरच्या नोंदीची तुलना पाठीवरच्याच नोंदीशी आणि डाव्या कुशीवरच्या नोंदीची डाव्या कुशीवरच्याच नोंदीशी करायची, एवढी शिस्त पाळली तर अशा सूचनांपैकी पुष्कळशा गळून पडतील. सुटलेल्या कडेचेही तसेच: पट्टी सैल झाली की सेन्सर स्वतःच्याच लयीत हलू लागतो आणि वरच्या वारंवारितेचा भाग दबतो, तेव्हा 'नोंद वापरण्याजोगी नाही' असे सांगणे शक्य असते. मात्र पडद्यावर रिकामी जागा दाखवण्यापेक्षा काहीतरी आकडा दाखवण्याचा मोह उत्पादकांना होतो.

आमच्या कामात २४ तासांच्या नोंदीपैकी बहुतांश भाग आम्ही सरळ टाकून देतो. उरते ती झोपेतली, शांत बसलेली, जिना चढून आल्यावर उभे राहिलेली अशी तुकड्यातुकड्यांची शांतता. निदान मला तरी यात कमीपणा वाटत नाही.

दुसरा ठोका

जिना चढून आल्यावरची शांतता हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ४५ रुग्णांच्या छातीवर सेन्सर लावून त्यांना सहा मिनिटे चालवले गेले आणि चालण्यापूर्वीची व चालून झाल्यानंतर विश्रांती घेतानाची थरथर यांची तुलना केली गेली. ज्यांची प्रकृती स्थिर होती त्यांच्या आलेखाचा आकार चालण्यामुळे बराच बदललेला आढळला. ज्यांची प्रकृती बिघडून त्यांना दाखल करावे लागले होते त्यांच्यात तो फारसा बदलला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे: ज्या हृदयाकडे राखीव ताकद शिल्लक आहे ते श्रमाला उत्तर देते, आणि जे आधीच सगळी ताकद लावून बसले आहे त्याच्याकडे देण्यासारखे उत्तर उरत नाही. ओपीडीत आम्ही रुग्णाला 'चालल्यावर कसे वाटते' असे विचारतो ते याचसाठी. सेन्सरने त्या प्रश्नाला आलेख दिला.

दुसरे उदाहरण एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याचे. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ३०० रुग्णांच्या छातीवर साधा स्मार्टफोन ठेवून त्यातल्या अ‍ॅक्सेलरोमीटर व जायरोस्कोपच्या (वळणे मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदीवरून ही अनियमितता ओळखता येते का ते पाहिले. ३०० पैकी निम्म्यांना त्या वेळी ती होती. संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती ओळखले गेले) ९५.३ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी कितींना तसे बरोबर सांगितले गेले) ९६ टक्के आली. आकडे उत्तम आहेत. पण निम्मे लोक आजारी असलेल्या गटात ९६ टक्के विशिष्टता ही एक गोष्ट, आणि हजारात थोड्यांनाच हा त्रास असलेल्या तरुण, निरोगी लोकांत तीच ९६ टक्के ही वेगळी गोष्ट. तिथे दर १०० निरोगी लोकांमागे चौघांना विनाकारण धास्ती बसेल.

तिसरा अभ्यास २०२० चा. हार्ट फेल्युअरमुळे दाखल होऊन घरी गेलेल्या १०० रुग्णांनी छातीवर चिकटपट्टी लावली. तीत ईसीजीबरोबर अ‍ॅक्सेलरोमीटरही होता, आणि प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच सुरुवातीच्या नोंदींशी केली जात होती. पुन्हा दाखल होण्याची वेळ येण्याआधी मिळालेल्या पहिल्या इशाऱ्याचा मध्यक ६.५ दिवसांचा होता. औषधाची मात्रा बदलायला तेवढा अवधी पुरतो. मात्र त्या १०० जणांपैकी ९८ पुरुष होते, ही गोष्ट मी सहकाऱ्यांना मुद्दाम सांगतो, कारण स्त्रियांच्या छातीवर सेन्सरची जागा आणि मिळणारा सिग्नल दोन्ही वेगळे असू शकतात.

मोजपट्टी

पट्ट्याशिवाय, म्हणजे दंडाला कफ न बांधता, रक्तदाब मोजण्याविषयी बरेच वाचायला मिळते. त्यात या मोशन सेन्सरचा वाटा कोणता?

कंपनमापी

नाडीची लाट हृदयापासून बोटापर्यंत किती वेळात पोहोचते यावर ती कल्पना उभी आहे. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाऊन ताठर होते आणि लाट अधिक वेगाने धावते. बोटाशी लाट पोहोचल्याची वेळ प्रकाशाने मिळते. प्रश्न असतो तो ती निघाल्याच्या वेळेचा. पुष्कळ उपकरणे ती ईसीजीवरून धरतात. पण वर डॉक्टरांनी सांगितलेले ते १०० मिलीसेकंद मध्ये असतात आणि ते स्वतःच बदलत असतात, त्यामुळे हृदयाचा बदल धमनीच्या खात्यावर मांडला जातो. छातीवरचा अ‍ॅक्सेलरोमीटर झडप उघडल्याची वेळ देतो आणि ही गल्लत टाळतो.

आता यातली कारागिरीची अडचण पाहा. छातीवरचा सेन्सर आणि बोटावरचा सेन्सर यांची घड्याळे वेगळी असतात. घड्याळाची लय धरणारा चांगल्यापैकी क्रिस्टलही दहा लाखांत २० भाग इतका चुकू शकतो. ऐकायला नगण्य वाटते, पण तासाचे ३,६०० सेकंद धरले तर ही चूक ७२ मिलीसेकंद होते, आणि दोन क्रिस्टल विरुद्ध दिशांनी चुकले तर दुप्पट. रक्तदाबातल्या ज्या बदलासाठी आपण धडपडतो तो या वेळेत काही मिलीसेकंदांचाच असतो. म्हणजे घड्याळे वरचेवर जुळवली नाहीत तर तासाभरात, माणूस स्वस्थ बसलेला असतानाही, उपकरण त्याचा रक्तदाब चढवून किंवा उतरवून दाखवेल. नमुने घेण्याचा वेगही तितकाच आडवा येतो. सेकंदाला ५० नमुने घेतले तर दोन नमुन्यांत २० मिलीसेकंदांचे अंतर पडते. पावले मोजायला ते पुरते, झडपेची वेळ सांगायला नाही.

शिवाय कफने घेतलेल्या मोजमापाशी ही वेळ प्रत्येक माणसासाठी आधी जुळवून घ्यावी लागते, आणि ती जुळणी काही काळाने शिळी होते. माझ्या मते आजघडीला हे साधन रक्तदाबाचा कल सांगण्यापुरते वापरावे. औषधाची मात्रा ठरवायला कफच हवा.

शंकेखोर

धागा वाचून राहवले नाही. फोनचे जाड कव्हर काढून, पाठीवर झोपून, श्वास नेहमीसारखा ठेवून सलग तीन वेळा एकेक मिनिटाची नोंद घेतली. सेकंदाला १०० नमुने मिळाले. श्वासाची लाट वगळल्यावर धागाकर्त्यांनी वर्णन केलेल्या जोड्या अगदी स्पष्ट दिसल्या. मात्र तिन्ही नोंदींत दर दहा-बारा ठोक्यांमागे एका ठिकाणी जोडी जवळजवळ नाहीशी होते: अपेक्षित वेळेच्या बरीच आधी एक बारीकशी उसळी येते, दुसरी थरथर दिसतच नाही, मग लांब विराम, आणि त्यानंतरची पहिली थरथर इतरांहून ठसठशीत उंच. त्याच वेळी छातीत ठोका चुकल्यासारखे वाटते, हे मला काही महिन्यांपासून जाणवत आहे. मनगटावरचे घड्याळ मात्र एरवीपेक्षा चार-पाच ठोके कमी दाखवते, एवढेच.

दुसरा ठोका

आपण वर्णन केले आहे ते अवेळी पडणाऱ्या जादा ठोक्याशी मिळतेजुळते आहे. जवनिका वेळेआधी आकुंचन पावते, तोवर तिच्यात पुरेसे रक्त भरलेले नसते, म्हणून फेकण्यासारखे काही फारसे नसते. कधी तर महाधमनीची झडप उघडतही नाही. त्यानंतरच्या विरामात ती नेहमीपेक्षा अधिक भरते आणि पुढचा ठोका जोराचा पडतो. लोकांना 'चुकल्यासारखे' वाटते ते बहुधा या विरामामुळे आणि त्यामागून येणाऱ्या जोराच्या ठोक्यामुळे. हृदय अन्यथा निरोगी असेल तर अधूनमधून येणारे असे ठोके बहुतेकांत निरुपद्रवी असतात. परंतु फोनच्या नोंदीवरून मी निदान करणार नाही. ईसीजी आणि आवश्यक वाटल्यास २४ तासांची होल्टर तपासणी (अंगावर यंत्र बाळगून घेतलेला सलग ईसीजी) करून घ्यावी. चक्कर येणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही झाले तर नोंदी घेत न बसता तातडीने रुग्णालयात जावे.

शंकेखोर

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. ईसीजी आणि होल्टर दोन्ही झाले, इकोही झाला. निदान तेच निघाले. हृदयाची रचना व ताकद उत्तम असून सध्या उपचारांची गरज नाही असे सांगण्यात आले. कुतूहल म्हणून ईसीजी काढताना डॉक्टरांच्या परवानगीने फोन छातीवर ठेवला होता. घरी येऊन दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या तर अचंबा वाटला: ज्या ठिकाणी फोनच्या आलेखावर जेमतेम एक सुरकुती आहे, नेमक्या त्याच ठिकाणी ईसीजीवर सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच लाट आहे.

कंपनमापी

आपली तपासणी समाधानकारक निघाली हे वाचून बरे वाटले. ती रुंद, उंच लाट हृदयाच्या नेहमीच्या तारांतून न जाता स्नायूतून आडवाटेने पसरलेल्या विजेची आहे, आणि तिच्याखालची सुरकुती म्हणजे त्या विजेतून घडलेले प्रत्यक्ष काम. घड्याळाने चार-पाच ठोके कमी मोजले तेही यामुळेच; मनगटापर्यंत पोहोचण्याइतके रक्त त्या ठोक्यांत निघालेच नव्हते.

आपल्या या नोंदीने मला आमची आज्ञावली पुन्हा उघडायला लावली. सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान असलेली प्रत्येक थरथर आम्ही गोंगाट समजून गाळत होतो. म्हणजे असे ठोके आमच्या नोंदीत कधी उमटलेच नसते. मागे फक्त एक लांब विराम उरला असता आणि त्याला आम्ही 'हालचालीमुळे नोंद खंडित' असे नाव दिले असते. कालपासून नियम बदलला आहे: लहान थरथरीनंतर विराम आणि विरामानंतर उंच ठोका अशी रांग दिसली, तर त्यातले काहीही गाळायचे नाही. जुन्या साठवलेल्या नोंदी नव्या नियमाने पुन्हा वाचायला घेतल्या आहेत.